तिसरी भाषा, दुसऱ्याचं मूल

भारताच्या क्रिकेट संघात कोण असावं आणि पोरांना कितवीपासून कोणती भाषा असावी, या दोन विषयांवर मत द्यायला आपल्याकडे वयाची, शिक्षणाची किंवा माहितीची अट नाही. फरक एवढाच की, आपल्याला बॅट घेऊन उतरायचं नाही हे संघ निवडणाऱ्याला मनोमन ठाऊक असतं, म्हणून चहा संपला की तो थांबतो. भाषेवर बोलणारा थांबत नाही. इथे मैदानात उतरवायला दुसऱ्याचं पोर हाताशी असतं.

आयोगांचे अहवाल, शासन निर्णय आणि टीव्हीवरच्या चर्चा पाहून पाहून माझ्या पदरात एकच नियम पडला आहे. भाषाधोरण नेहमी दुसऱ्याच्या मुलांसाठी असतं. आपल्या मुलासाठी असते ती अ‍ॅडमिशन.

2025 साली महाराष्ट्रात या नियमाचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. 16 एप्रिलला शासन निर्णय निघाला की, मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य. पहिलीचं पोर म्हणजे ज्याच्या डब्याचं झाकण अजून बाईंना उघडून द्यावं लागतं. आरडाओरडा झाला, तेव्हा मंत्र्यांनी ‘अनिवार्य’ या शब्दाला स्थगिती दिली. निर्णय कामावर हजर, शब्द तेवढा रजेवर. मग 17 जूनला शुद्धिपत्रक आलं. त्यात हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा झाली आणि एक खिडकी ठेवली गेली. दुसरी कुठली भारतीय भाषा हवी असेल, तर इयत्तेतल्या किमान 20 मुलांनी तशी इच्छा दाखवावी. मग शिक्षक देऊ, नाही तर ऑनलाइन शिकवू.

या 20 मुलांनी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जी धमाल उडवली, ती कुठल्या शिक्षणतज्ज्ञाने पाहिली असती तर त्याचा प्रबंध झाला असता. सुरुवात एका स्वाभिमानी निरोपाने झाली. ‘मराठी जगलीच पाहिजे!’ हा निरोप रोमन लिपीत होता, त्यामुळे मराठी जगली की जागली हे कळायला थोडा वेळ गेला. मग सूचना आल्या. सेक्रेटरींच्या बायकोचं माहेर धारवाडचं, म्हणून त्यांना कन्नड हवं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी धंद्याच्या दृष्टीने गुजराती सुचवलं. आयटीतल्या एका बाबांनी तमिळ म्हटलं, कारण त्यांचा मॅनेजर तमिळ आहे आणि निदान पुढच्या पिढीला तरी तो काय पुटपुटतो ते कळावं.

“फ्रेंच नाही का चालणार?” एका वहिनींनी विचारलं.

“भारतीय भाषा म्हटलंय, वहिनी.”

“मग संस्कृत घ्या ना. स्कोअरिंग आहे.”

यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. पण मुलं मोजायची वेळ आली, तेव्हा घोडं पेंड खायला लागलं. इमारतीत पहिलीतली पोरं चार, ती तीन वेगवेगळ्या शाळांत, आणि त्यांतल्या दोन शाळा वेगळ्याच बोर्डाच्या. एवढी पोरं तर आमच्याकडे गणपतीतल्या नाटकालाही जमत नाहीत, आणि तिथे कुणाला झाडाचं काम देऊन वेळ मारून नेता येते. चर्चा रात्री साडेअकराला फुलाच्या चित्रावर संपली. चर्चा चालू होती तेव्हा ती चारही पोरं खाली पार्किंगमध्ये क्रिकेट खेळत होती आणि “आउट नहीं था, तू चीटिंग कर रहा है” असं चोख हिंदीत भांडत होती. ती हिंदी त्यांना व्हॅनवाल्या काकांनी, कार्टूनने आणि समोरच्या विंगमधल्या पोरांनी शिकवली होती. एकाही इयत्तेची, एकाही शुद्धिपत्रकाची त्यात गरज पडली नव्हती.

जी भाषा पोरांना खेळता खेळता येते, ती लिहायला-वाचायला, गृहपाठाला आणि परीक्षेला कितवीत लावायची, हा खरा प्रश्न होता. जाणकार ओरडून सांगत होते की, मूल आधी एका भाषेत नीट लिहू-वाचू लागू द्या, मग दुसरी-तिसरी भाषा त्या पायावर उभी राहते. शिवाय हिंदी पाचवीपासून होतीच, ती कुणी हाकलून दिली नव्हती. पण हे कंटाळवाणं बोलणं कोण ऐकणार? रंगत होती ती ‘हे कुणी आणलं’ यात. सत्ताधारी म्हणाले, ही तर तुमच्याच काळातल्या माशेलकर समितीची शिफारस. विरोधक म्हणाले, अहवाल नुसता स्वीकारला होता, अमलात कुठे आणला? अहवाल घ्यावा आणि अमलात आणू नये, ही सरकारी परंपरा या निमित्ताने प्रथमच कुणी अभिमानाने सांगितली.

29 जूनला दोन्ही शासन निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती आली. 5 जुलैला मोर्चा निघायचा होता, त्याऐवजी वरळीत विजयी मेळावा झाला आणि कित्येक वर्षांनी उद्धव आणि राज ठाकरे एका व्यासपीठावर बसले. पहिलीतल्या पोरांना तिसरी भाषा येता येता राहिली, पण दोन चुलत भाऊ एकमेकांशी बोलायला लागले. भाषाधोरणाचा इतका रोकडा लाभ देशाच्या इतिहासात क्वचितच कुणाला झाला असेल.

‘त्रिभाषा सूत्र’ हे प्रकरण 1968 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातलं. कागदावर ते इतकं समंजस दिसतं की, डोळे भरून यावेत. हिंदी राज्यांनी हिंदी आणि इंग्रजीबरोबर आणखी एक आधुनिक भारतीय भाषा शिकायची, शक्यतो दक्षिणेतली. बाकीच्या राज्यांनी आपली भाषा, इंग्रजी आणि हिंदी शिकायची. लखनौचा मुलगा मल्याळम शिकेल, मदुराईचा हिंदी शिकेल आणि दोघे मध्ये कुठे तरी, बहुधा भुसावळ जंक्शनवर, एकमेकांना मिठी मारतील.

झालं असं की, लखनौकडच्या बऱ्याच शाळांनी तिसरी भाषा म्हणून संस्कृत घेतलं. दक्षिणेतली भाषा घेतली असती तर शिक्षक दक्षिणेतून आणावा लागला असता, आणि तो वर्गात खरोखरच मल्याळम बोलला असता. संस्कृतला तो धोका नाही. इकडे मद्रास विधानसभेने अण्णादुराईंच्या पुढाकाराने 1968 च्या जानेवारीतच ठराव केला की, आमच्याकडे दोनच भाषा, तमिळ आणि इंग्रजी. तो आजतागायत तसाच आहे. 2025 मध्ये समग्र शिक्षा योजनेचे दोन हजार कोटींहून जास्त रुपये यापायी अडवले गेले अशी तमिळनाडूची तक्रार होती, तरी तिसरी भाषा आली नाही.

गंमत म्हणजे त्याच चेन्नईत, टी. नगरमध्ये, दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा ऐटीत उभी आहे. गांधीजींनी ती 1918 मध्ये सुरू केली आणि पहिले शिक्षक म्हणून आपले चिरंजीव देवदास यांना पाठवलं. स्वतःच्या मुलाला कामाला लावणारा भाषाधोरणातला हा दुर्मीळ माणूस, म्हणून मुद्दाम नोंद केली. त्या सभेच्या हिंदी परीक्षांना तमिळ मुलं आजही फी भरून बसतात. सक्ती नसली की माणूस पैसे मोजून शिकतो, सक्ती आली की फुकटही नको म्हणतो. हे मांजरालाही कळतं. खात्याला कळायला समिती लागते.

आता दुसऱ्यांची उणीदुणी पुरे. आपल्या घरात काय चाललंय ते पाहू.

2020 साली महाराष्ट्राने कायदा केला की, राज्यातल्या प्रत्येक शाळेत, मग ती कुठल्याही बोर्डाची असो, मराठी शिकवलीच पाहिजे. न शिकवणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड. छाती भरून आली. पुढे कोरोनाची सबब मिळाली आणि 2023 मध्ये ठरलं की, इतर बोर्डांच्या शाळांत एका तुकडीपुरते मराठीचे गुण एकूण गुणांत धरायचे नाहीत, नुसती श्रेणी द्यायची. विषय सक्तीचा, पण त्याचा निकालावर परिणाम नाही. अशा विषयाचं पुस्तक मुलं कशी जपतात ते पाहायचं असेल, तर वर्ष संपल्यावर उघडून पाहा. पानं अजून एकमेकांना चिकटलेली असतात.

राज्य मंडळात गुणांचं राजकारण आणखी रंगतदार आहे. कुमारभारती, अक्षरभारती, लोकभारती अशी पुस्तकांची नावं एका कुटुंबातल्या बहिणींसारखी प्रेमळ, पण पालकांचा डोळा सासरच्या परिस्थितीवर, म्हणजे गुणांवर. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मुळे ज्या विषयात सगळ्यात कमी गुण पडतील तो टक्केवारीतून गळतो, आणि घरोघरी तो बहुतेक वेळा मातृभाषेचा पेपर निघतो. संस्कृतात मात्र 100 पैकी 98. या भाषेवर एवढं प्रभुत्व असलेली पिढी रस्त्यावर का दिसत नाही, याचं उत्तर प्रश्नपत्रिकेतच आहे. त्यात जागोजागी छापलेलं असतं, ‘माध्यमभाषया लिखत’. म्हणजे बाबा रे, प्रश्न संस्कृतात आहे, तू घाबरू नकोस, उत्तर तुझ्या भाषेत लिही. हिंदीवाल्यांनाही संस्कृत आवडतं, आम्हालाही आवडतं. राष्ट्रीय एकात्मता आली, फक्त ती एका स्कोअरिंग विषयाच्या रूपाने आली.

आणि इंग्रजी? 2000 साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली, तेव्हाही ‘कोवळ्या वयावर ओझं’ म्हणून खूप लेख लिहिले गेले. मग ते ओझं पालकांनी इतक्या प्रेमाने उचललं की, पहिलीपर्यंत थांबायचं तरी कशाला असं त्यांना वाटू लागलं. ज्यांना 25 वर्षांनंतर हिंदीचं ओझं मणामणाचं वाटलं, त्यांतल्या कित्येकांची मुलं तेव्हा प्ले-ग्रुपमध्ये ‘ए फॉर अ‍ॅपल’ करत होती. तिथे आज्यांचाही नाइलाज होतो. नातवाला भरवताना आजी म्हणते, “बनाना फिनिश कर, मग मिल्क.” आजीचं शिक्षण चौथीपर्यंत मराठी शाळेत झालं, पण सूनबाईंच्या धोरणामुळे सत्तरीनंतर तिला सेमी-इंग्लिशला प्रवेश घ्यावा लागला.

या पिढीची खरी दहशत म्हणजे मराठी आकडे. भाजीवाल्या मावशींनी “एकोणऐंशी” म्हटलं की, इंग्रजी माध्यमातल्या मुलाचा चेहरा आयकराची नोटीस आल्यासारखा होतो. तो मोबाइल पुढे करतो, “मावशी, तुम्हीच टाइप करा.” 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात यावर तोड काढली होती. ‘सत्तावन्न’बरोबर ‘पन्नास सात’ असं वाचायलाही शिकवायचं, म्हणजे जोडाक्षरांनी पोरं अडणार नाहीत. डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलाची बाजू शांतपणे मांडली. पण महाराष्ट्र पेटून उठला. ‘सत्तावन्न’ ही आपली संस्कृती आहे, असं विधानसभेपासून वडाच्या पारापर्यंत सगळे म्हणाले. त्यांतले बहुतेक जण स्वतःचा फोन नंबर आजही ‘नाइन एट टू झीरो’ असा सांगतात.

3 ऑक्टोबर 2024 ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या रात्री आमच्या ग्रुपवर पहिला निरोप आला, ‘काँग्रॅट्स टू ऑल महाराष्ट्रीयन्स’. चेअरमनसाहेबांनी दुसऱ्या दिवशी पेढे वाटले.

त्याच सोसायटीत मला मराठीचा भक्कम आधार सापडला तो गेटवर. आमच्या वॉचमनचं गाव बिहारमध्ये, दरभंग्याकडे. घरी मैथिली. त्याची मुलगी जवळच्या पालिकेच्या मराठी शाळेत सहावीत आहे, कारण ती शाळा जवळ आहे, तिथे फी नाही आणि दुपारी खिचडी मिळते. परवा पाण्याच्या खात्याची नोटीस बोर्डावर लागली. चेअरमनसाहेबांची नात मोठ्या बोर्डाच्या शाळेत आठवीत. “ज... ल... वा... हि...” इथपर्यंत ती पोहोचली आणि आजोबांनी चष्मा शोधायला सुरुवात केली. वॉचमनच्या मुलीने उभ्या उभ्या वाचून सांगितलं, “आजोबा, जलवाहिनीची दुरुस्ती आहे. मंगळवारी पाणी नाही, बुधवारी कमी दाबाने येईल. आजच भरून ठेवा.” तिचा ‘ळ’ असा स्वच्छ पडला की, एकारान्ती पुणेकरांनी टाळ्या वाजवल्या असत्या. आता शाळेत प्रोजेक्ट आलं की, आमच्या इमारतीतली मराठी मुलं वही घेऊन तिच्याकडे जातात. ती दर पानाला एक चॉकलेट घेते. तिचा शासन निर्णय अजून एकदाही रद्द झालेला नाही.

ती मुलगी घरी मैथिली बोलते, शाळेत मराठी आणि इंग्रजी, रस्त्यावर हिंदी. सूत्रवाल्यांनी तिच्या वाट्याला तीन भाषा ठेवल्या, तिला चार येतात, आणि जी तिच्या आईची आहे ती कुणाच्याच मोजणीत नाही.

हे मोजणीबाहेर राहणं महाराष्ट्राच्या पोटातही आहे. मेळघाटातलं मूल कोरकू बोलत शाळेत येतं, डहाणूकडचं वारली, भामरागडचं माडिया. त्यांच्यासाठी पहिलीतली ‘मातृभाषा मराठी’ हीच परकी भाषा, मग इंग्रजी, मग जे काय तिसरं चौथं येईल ते. लहान वयात ओझं नको, घरच्या भाषेतून शिकू द्या, लादू नका, अशी जी वाक्यं आपण 2025 मध्ये घसा फोडून दिल्लीला ऐकवली, ती शब्द न बदलता ही मुलं आपल्याला ऐकवू शकतात. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण खात्याच्या लेखी ती अनधिकृत ठरली आणि बंद करा म्हणून नोटीस गेली. नोटीस अर्थातच मराठीत होती. राजभाषेचा एवढा काटेकोर वापर आपण इतरत्र क्वचितच करतो.

2011 च्या जनगणनेत देशभरात गोंडी ही मातृभाषा सांगणारे 29 लाखांच्या वर निघाले आणि संस्कृत सांगणारे 24,821. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत. त्यांत संस्कृत आहे, गोंडी नाही. स्कोअरिंग कोण, हा प्रश्न अनुसूचीलाही सुटलेला नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण कुठल्या अनुसूचीत नसली, तरी सगळ्या भाषांत समान रीतीने लागू आहे. दिल्लीपुढे आपण बाब्या असतो, मोहगावपुढे दिल्ली होतो.

तेव्हा माझी एक साधी सूचना आहे. यापुढे भाषेच्या कुठल्याही शासन निर्णयावर सही व्हायच्या आधी, सही करणाऱ्यांनी, पाठिंबा देणाऱ्यांनी आणि विरोधात मोर्चा काढणाऱ्यांनीही, आपल्याला अजिबात न येणारी एक भारतीय भाषा वर्षभर पहिलीच्या पुस्तकापासून शिकावी. मंत्रालयातल्या सचिवांना गोंडी द्यावी. त्रिभाषा सूत्राच्या उत्तरेकडच्या भक्तांना तमिळ द्यावी, लिपीसकट. आमच्यासारख्या लेख लिहिणाऱ्यांना संथाळी द्यावी, म्हणजे वर्षभर वर्तमानपत्रांना तरी विश्रांती. रोज गृहपाठ, शनिवारी शुद्धलेखन, वहीवर घरातल्या मुलांची सही. दर महिन्याला पालकसभा, तिथे मुलांनी येऊन बाईंना विचारायचं, “आमचे बाबा वर्गात कसे आहेत?” आणि बाईंनी सांगायचं, “डोकं चांगलं आहे हो, पण लक्ष नसतं. सारखे मोबाइल बघतात. आणि शेजारच्या आमदारांना बोलायला लावतात.”

पुढे काय होईल ते मला स्वच्छ दिसतं आहे. पंधरा दिवसांत मागणी येईल की, विषय ऐच्छिक करा. दिवाळीपर्यंत नरिमन पॉइंटला दोन क्लास निघतील आणि ‘हमखास गोंडी, 21 अपेक्षित प्रश्नांसह’ नावाचं गाइड येईल. सहामाहीनंतर शिष्टमंडळ जाईल की, गुण धरू नका, नुसती श्रेणी द्या. आणि वार्षिक परीक्षेला सगळे एकमुखाने उत्तरं माध्यमभाषेत लिहिण्याची सवलत मागतील. पण तोवर पहिलीच्या पोराला तीन-तीन लिप्या आणि तीन-तीन बाई काय करतात, हे त्यांना कळलेलं असेल. पुढचा शासन निर्णय चार ओळी कमी निघाला तरी पुष्कळ झालं.

ही सूचना मी आमच्या ग्रुपवर टाकली. आजवर इतक्या लवकर कशावर एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. अशा वर्गाची फार गरज आहे, असं सगळ्यांनी लिहिलं आणि रात्रीपर्यंत नावांची यादीही तयार झाली. प्रत्येकाने शेजाऱ्याचं नाव दिलं होतं.